हातचा कुठे असतो?

माणूस बेरीज डोक्याने करतो, असा एक सार्वत्रिक समज आहे. तो पसरवण्यात शाळामास्तरांचा हात मोठा. 'डोकं वापर, डोकं!' असं म्हणत ते जो अवयव पिळायचे तो मात्र कान असायचा, हा भाग वेगळा. पण बँकेच्या काउंटरमागे बसून हिशेब करणारी माणसं रोज न्याहाळणाऱ्या माझ्यासारख्या कारकुनाचं मत जरा निराळं आहे. माझ्या मते माणूस बेरीज डोळ्यांनी करतो.

शंका असेल तर आत्ता घरात जो कोणी हाताशी असेल त्याला विचारा, "सत्तेचाळीस आणि अडतीस किती?" उत्तराकडे लक्ष देऊ नका. उत्तर पंच्याऐंशी आहे, ते कुठे पळून जात नाही. लक्ष द्या डोळ्यांकडे. इतका वेळ तुमच्याशी नजर भिडवून बोलणारा तो गृहस्थ एकदम तुम्हाला तिथेच सोडून निघून जाईल. देह खुर्चीतच, पण नजर पंख्याकडे, नाहीतर खिडकीच्या गजाकडे, नाहीतर तुमच्या कानापलीकडे वीतभर अंतरावर, जिथे काहीही नाही अशा जागी. तिथे तो क्षणभर काहीतरी वाचेल, आणि मग परत येऊन म्हणेल, "पंच्याऐंशी. का हो?"

या 'का हो'ला माझ्यापाशी उत्तर नाही. माझा प्रश्न दुसराच आहे. तो गेला होता कुठे?

आमच्या शाळेत हा प्रश्न विचारायची सोय नव्हती, कारण तो मास्तरांनी स्वतःकडे राखून ठेवला होता. तोंडी हिशेबाच्या तासाला पोरगं आढ्याकडे बघायला लागलं की मास्तर विचारायचे, "वर काय बघतोस? वर उत्तर लिहून ठेवलंय तुझ्या आजोबांनी?" प्रश्न बिनतोड होता. आजोबांनी काही लिहून ठेवलेलं नव्हतं. मग पोरगं घाबरून मास्तरांच्या तोंडाकडे बघायचं, आणि होतं नव्हतं ते उत्तरही विसरायचं. कारण मास्तरांच्या तोंडावर उत्तराखेरीज बाकी सगळं लिहिलेलं असायचं. गंमत म्हणजे हेच मास्तर हजेरीची बेरीज करताना खिडकीबाहेरच्या चिंचेकडे बघायचे. तिथे तरी कुणाच्या आजोबांनी काय लिहून ठेवलं होतं?

भाजीबाजारात जा. आमच्या हिची ठरलेली भाजीवाली आहे. अर्धा किलो वांगी तीस रुपये, पाव किलो मिरची तीस, चौतीसच्या भावाने दीड किलो कांदे, आणि पंधराची एक अशा कोथिंबिरीच्या दोन जुड्या. पिशवी भरेपर्यंत ती बाई हिच्याशी हसून, हिच्या तोंडाकडे बघून बोलत असते. पण "किती झाले गं?" म्हटलं की तिची नजर हिच्या खांद्यावरून मागे जाते. पहिल्यांदा तर ही दचकून वळून बघू लागली होती, मागे बैल तर नाही ना उभा म्हणून. मागे विजेचा खांब होता. त्या खांबावर 'चौतीस दिढे एक्कावन्न' झाले, बाकीचे नव्वद त्यात जमा झाले, आणि बाई परत आल्या: "एकशे एक्केचाळीस. ताई, तुमी चाळीसच द्या." वरचा एक रुपया हिने घासाघीस करण्यापूर्वीच सुटला होता. माझी खात्री आहे की त्या रुपयाचाही विचार खांबापाशीच झाला असणार.

आता हातच्याचं बघा. सात आणि आठ पंधरा, पंधरातले पाच मांडले, हातचा एक. आपण किती सहज म्हणतो, 'हातचा एक'! पण हातात काय असतं? हातात पेन्सिल असते, नाहीतर पिशवी. तोंडी हिशेबात तर तेही नसतं. त्या एकाला बोली भाषेने हात दिला खरा, पण तो ठेवलेला असतो दुसरीकडेच. कुठेतरी एका अदृश्य फळीवर तो आपण ठेवतो आणि दहाच्या घरात गेल्यावर तिथून उचलून आणतो. मधेच कुणी "चहा ठेवू का?" असं विचारलं की फळीसकट नाहीसा होतो. म्हणजे त्याला जागा होती. ज्याला जागा नसते ते हरवत नाही.

हे सगळं मी नुसतं कारकुनी निरीक्षणावरून बोलतोय असं समजू नका. मोठमोठ्या विद्वानांनी यात डोळे घातले आहेत. फ्रान्सिस गाल्टन नावाचा एक इंग्रज, डार्विनच्या नात्यातला, याला भेटेल त्याला खोदून खोदून विचारायची खोड होती. १८८० साली त्याने लोकांना विचारलं की, आकडा मनात आला की तुम्हाला काय दिसतं? पुष्कळांना काहीच दिसत नव्हतं. पण काही सभ्य, शहाण्यासुरत्या माणसांनी चक्क नकाशे काढून दिले. कुणाचे आकडे रांगेत उभे, कुणाचे बारापर्यंत घड्याळासारखे गोल आणि पुढे वाट वळलेली, कुणाचे डोंगर चढल्यासारखे. आणि प्रत्येकाला वाटत होतं की सगळ्यांचं असंच असतं.

मग १९९३ साली फ्रान्समध्ये स्टानिस्लास दहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग केला. समोर आकडा दिसला की तो सम की विषम एवढंच बटण दाबून सांगायचं. आकडा लहान की मोठा, हे कुणी विचारलंच नव्हतं. तरी लहान आकड्यांना डावा हात चटकन उठे आणि मोठ्यांना उजवा. म्हणजे मनात कुठेतरी एक फूटपट्टी आडवी पडलेली असते, एक डावीकडे आणि नऊ उजवीकडे.

२०१० साली झुरिकच्या संशोधकांनी तर कहर केला. बारा माणसांना बसवलं आणि सांगितलं, एक ते तीसमधले आकडे मनाला येतील तसे बोला. आणि डोळे मोजत राहिले. नजर जरा डावीकडे, खाली सरकली की येणारा आकडा आधीच्याहून लहान, आणि उजवीकडे, वर सरकली की मोठा! आकडा तोंडातून पडण्यापूर्वी डोळे फितूर झालेले. त्याच्या एक वर्ष आधी, २००९ साली, दहेन यांच्याच गटाने मेंदूची छायाचित्रं घेऊन एका संगणकाला शिकवलं की डोळे डावीकडे वळतात तेव्हा मेंदूचा अमुक भाग असा दिसतो आणि उजवीकडे वळतात तेव्हा तसा. मग तीच माणसं मनातल्या मनात बेरीज-वजाबाकी करत असताना त्याच भागाची छायाचित्रं त्याला दाखवली. गणिताचा एक शब्दही न शिकवलेल्या त्या यंत्राला बेरीज चालू असताना पुष्कळदा वाटलं की हा माणूस उजवीकडे बघतोय!

या ज्ञानाचा संसारात उपयोग आहे. लग्नाच्या बोलणीत "आमच्याकडची पानं किती धरायची?" असं विचारल्यावर वरपक्षाच्या काकांची नजर उजवीकडे आणि वर, छताच्या कोपऱ्याकडे सरकू लागली, तर वधूपित्याने लगेच चिवड्याची बशी पुढे करून त्यांचं लक्ष खाली आणावं. बशी डाव्या बाजूने पुढे करावी. शास्त्राचा आधार इथपर्यंत नाही, पण करून बघायला खर्चही नाही.

आता ही फूटपट्टी डावीकडूनच का सुरू होते? आपण लिहितो तशी, असं एक उत्तर आहे. उजवीकडून डावीकडे लिहिणाऱ्या पॅलेस्टिनी अरबांत ती उलटी आढळली. शब्द एका दिशेने आणि आकडे दुसऱ्या दिशेने वाचणाऱ्या इस्रायली लोकांत ती सापडलीच नाही. हे सगळं पटेपर्यंत २०१५ साली इटलीत पादुआच्या विद्वानांनी कोंबडीची तीन दिवसांची पिल्लं आणली. पाच ठिपक्यांच्या पाटीमागे खाऊ असतो हे त्यांना शिकवलं. मग डावी-उजवीकडे सारख्याच दोन पाट्या ठेवल्या. दोन्हींवर दोन-दोन ठिपके असले तर पिल्लं बहुतेक वेळा डावीकडे, आणि आठ-आठ असले तर उजवीकडे. त्या पिल्लांना ना बाराखडी येत होती, ना पाढे! यावर विद्वानांत अजून वाद चालू आहेत. कोंबड्यांनी त्यात भाग घेतलेला नाही.

आपल्या मराठी माणसाची पंचाईत आणखी निराळी. आपण लिहितो डावीकडून, पण बोलतो उलटं. 'पंचवीस' म्हणताना पाच आधी आणि वीस मागून. कुणी फोन नंबर सांगू लागला, 'सत्त्याण्णव' म्हणाला, की कानावर सात आधी येतो आणि कागदावर नऊ आधी काढायचा असतो. तो बिचारा सात तेवढा वेळ हातचा म्हणून कुठेतरी धरून ठेवायचा. एकोणऐंशीची तर आणखी तऱ्हा. ऐंशीपर्यंत पुढे जायचं, तिथे पोचल्यावर एक पाऊल मागे यायचं, आणि मग आपण कुठे आहोत ते ठरवायचं. या कसरतीला कंटाळून हल्लीची मुलं आपल्याच बापाला म्हणतात, "बाबा, इंग्लिशमध्ये सांगा ना!" २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस एक' असं वाचन आलं तेव्हा अख्ख्या महाराष्ट्रात केवढी धुमश्चक्री झाली! मी त्या वादात पडलो नाही. पण एक सांगतो, भांडणारी दोन्हीकडची मंडळी 'एकोणसाठ वजा सव्वीस' विचारल्यावर सारखीच भिंतीकडे बघत होती.

इथपर्यंत सगळी मजा आहे. पण याच विषयात एक गोष्ट वाचली आणि चहा जरा कडू लागला. मेंदूच्या उजव्या भागाला इजा झाली की काही रुग्णांचं डाव्या बाजूचं भान सुटतं. डोळे धड असतात, पण ताटातला डावीकडचा भात तसाच राहतो. तो आहे हे लक्षातच येत नाही. २००२ साली इटलीतल्या संशोधकांनी अशा रुग्णांना विचारलं की दोन आणि सहाच्या बरोबर मधे काय? उत्तर आलं, पाच. साधं गणित त्यांना येत होतं. पण मनातल्या फूटपट्टीचीही डावी बाजू त्यांच्यापुरती पुसट झाली होती. जिकडे लक्ष जात नाही तिकडचे आकडेसुद्धा हिशेबात धरले जात नाहीत. आणि सांगणाऱ्याला वाटतं, मी अगदी मध्यावर बोट ठेवलंय.

आता मूळ प्रश्न. माणूस हिशेब करताना नजर दुसरीकडे नेतो. आणि आपल्याकडे नजर दुसरीकडे नेणाऱ्याला 'नजर चुकवणारा' म्हणतात. 'माझ्या डोळ्यांत बघून सांग' हा आपला पुरावा कायदा. डोळ्यांत बघून बोलला तो खरा, आढ्याकडे बघितलं तो चोर. गुरांच्या बाजारात जुने व्यापारी रुमालाखाली एकमेकांची बोटं धरून भाव ठरवतात, तिसऱ्याला कळू नये म्हणून. पण त्या वेळी दोघांचीही नजर एकमेकांवर नसते, दूर कुठेतरी असते. म्हणून काय तो व्यवहार खोटा? उलट लबाड माणसाचं मी बघितलंय, त्याची नजर तुमच्यावरून हलत नाही. त्याला हिशेब करायचाच नसतो, तो घरून करून आलेला असतो.

स्कॉटलंडमध्ये २००६ साली पाच वर्षांच्या दहा मुलांना संशोधकांनी मुद्दाम शिकवलं, की प्रश्न अवघड वाटला तर विचारणाऱ्याच्या तोंडाकडे बघू नका, दुसरीकडे बघून विचार करा. न शिकवलेल्या मुलांपेक्षा या मुलांना अवघड प्रश्नांची उत्तरं जास्त चांगली आली. म्हणजे आमच्या मास्तरांनी कान पिळून जे सोडवलं, ते तिकडे शिकवून लावतात. माणसाचा चेहरा हीच मुळात एवढी मोठी आकडेमोड आहे की तो समोर असताना दुसरी जमत नाही. रागावलाय का, हसतोय का, थकलाय का, हे वाचायचं की सत्तेचाळीसात अडतीस मिळवायचे?

काउंटरवर एकदा एक बाई आल्या होत्या. साठ हजारांची ठेव होती, यजमानांच्या ऑपरेशनसाठी मुदतीआधी मोडायची होती. "किती येतील सायेब, अंदाजे?" आता अंदाज संगणकालाही विचारता येतो, पण त्या दिवशी तो नेहमीप्रमाणे विश्रांती घेत होता. मी मनात मांडलं. आठ महिने झालेत, दर सहा, मोडल्याचा एक टक्का गेला, राहिले पाच. साठ हजारांचे वर्षाला तीन हजार, आठ महिन्यांचे दोन हजार. माझी नजर समोरच्या भिंतीवरच्या लाल अग्निशामक नळकांड्यावर होती. चार-पाच सेकंदांचं काम. तेवढ्यात बाईंचा आवाज आला, "काय झालं सायेब? बुडाले का?"

म्हटलं, "नाही हो मावशी. बुडतील कसे? दोन हजार वाढलेत."

त्यांनी पदराने तोंड पुसलं. म्हणाल्या, "तुमी भिताडाकडं बघाया लागलात ना. डॉक्टरबी असंच भिताडाकडं बघत हुते, अन् मंग सांगितलं."

मी त्यानंतर पुष्कळ दिवस त्या डॉक्टरांचा विचार करत होतो. ते बिचारे कदाचित औषधाचं प्रमाण मांडत असतील, कदाचित दिवस मोजत असतील, कदाचित नुसतं बिल. भिंतीकडे बघायचा त्यांना हक्क होता, जसा मला होता. पण या बाजूला बसलेल्या माणसाला त्या चार-पाच सेकंदांत काय दिसतं? आपल्याला सोडून कुणीतरी आपलाच हिशेब घेऊन लांब गेलंय, एवढंच दिसतं. तिथे काय चाललंय ते ऐकू येत नाही. तो परत येईल तेव्हाच कळणार.

तेव्हा माझ्या अल्प मतीप्रमाणे नीती एवढीच आहे: हिशेबापुरतं बाजूला बघावं आणि उत्तर मिळालं की परत यावं. बाजूला बघण्यात पाप नाही. बिचाऱ्या डोळ्यांचा तो धर्मच आहे. परत न येण्यात आहे. वाटणीच्या बैठकीला बसलेले भाऊ आठवून बघा. आईला कुणी किती महिने ठेवायचं याचा भागाकार चालू असतो, चौघांची नजर छताकडे. भागाकार साधा असतो. बारा भागिले चार. तो कधीच सुटलेला असतो, पण समोर सतरंजीवर आई बसलेली असते म्हणून कुणी खाली बघत नाही. त्या आढ्यावरच्या गणितात कुठलीही चूक नसते. फक्त त्या इटालियन रुग्णांसारखी फूटपट्टीची एक बाजू पुसलेली असते, आणि प्रत्येकाला वाटतं की आपण अगदी मध्यावर बोट ठेवलंय.

खरं म्हणजे आता आपली सुटका व्हायला हरकत नव्हती. बेरीज यंत्र करतं, नोटा यंत्र मोजतं, व्याज यंत्र काढतं. भाजीवालीनेसुद्धा फोनवर पैसे घ्यायची चौकोनी पाटी लावली आहे, आणि तिच्या धाकट्या मुलाकडे कॅल्क्युलेटर आहे. पूर्वी बँकेत जुने हेडकॅशियर उभ्या बेरजा वरून खाली नुसत्या नजरेने उतरायचे, अर्धा दिवस त्यांचे डोळे आकड्यांना बांधलेले असायचे, असं मी ज्येष्ठांकडून ऐकलंय. आज ते काम उरलं नाही. हिशोबाने डोळे मोकळे झाले. ते मोकळे झालेले डोळे समोरच्या माणसाकडे यायला हवे होते. ते पडद्याकडे गेले. काउंटरच्या आतले पडद्याकडे बघतात, बाहेरचे हातातल्या फोनकडे. पूर्वीचा माणूस उत्तर घेऊन भिंतीवरून परत तरी यायचा. पडद्यावरून यायला वेळ लागतो.

गणितात मास्तरांनी एक गोष्ट मात्र नीट शिकवली होती. हातचा बाजूला ठेवायला हरकत नाही, पण तो पुढच्या घरात मिळवायला विसरायचं नाही. आकडा बघताना आपण समोरचा माणूस असाच क्षणभर बाजूला ठेवतो. तो कुठे ठेवलाय ते मात्र ध्यानात असावं, कारण पुढच्या घरात त्यालाच मिळवायचं असतं. आणि हो, भाजीवालीने सोडलेला तो एक रुपया. आमची ही म्हणते, तो तिने हिशेबात सोडलाच नव्हता, तो ती परत आल्यावर, हिच्या तोंडाकडे बघून सोडला. असेल. त्या वेळी मी खांबाकडे बघत होतो.